नातवाची पहिली अंघोळ

मेडशीत आमच्या गल्लीतली निम्मी पोरं माझ्या पायावर न्हाली आहेत. बढाई म्हणून सांगत नाही, खोटं वाटत असेल त्याने त्यांच्या आयांना विचारावं. मी अंगणवाडीत सेविका होते, पण हे काम अंगणवाडीचं नव्हतं. कोणाच्या घरी बाळंतीण आली की सकाळी निरोप यायचाच, लिलाबाईले बोलवा. मी जायची, पाटावर बसायची, पाय लांब सोडायची आणि लेकरू पायांवर पालथं घ्यायची. तेल जिरवून झालं की तांब्याने असं पाणी सोडायची, की लेकरू आधी बोंबलायचं आणि बोंबलता बोंबलता झोपून जायचं. दुसऱ्या बाईच्या पायावर तेच लेकरू नुसतं बोंबलायचं.

त्यामुळे माझ्या उत्कर्षच्या बायकोला दिवस गेले, तेव्हा त्या लेकराला पहिलं पाणी कोण टाकणार हा प्रश्नच नव्हता. निदान माझ्या मनात तरी नव्हता.

प्रश्न काढला तो रूपाने. रूपा म्हणजे माझी विहीण, सून धम्मदीपाची आई. मालेगावला, आमच्या तालुक्याच्या गावी असते, सरकारी कचेरीत कारकून आहे. माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी लहान, अंगाने सडपातळ, केस अजून काळे, आणि आवाज असा गोड की ऐकणाऱ्याला खरं वाटावं. नवरा लवकर गेला, एकुलती एक पोरगी वाढवली, शिकवली. हे सगळं मला मान्य आहे. पण मान्य असणं वेगळं आणि माणूस आवडणं वेगळं.

धम्मदीपाला दिवस गेल्याचं मला कळलं ते रूपाकडून. पोरं अमेरिकेत टेक्सासला असतात. माझ्या पोटच्या पोराची बातमी, आणि ती मला मालेगावहून कळली! फोनवर रूपा हसत हसत म्हणाली, "ईनबाई, तुमी आजी होऊन राह्यल्या." आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. मी तोंडाने "लय चांगलं झालं" म्हटलं आणि फोन ठेवून भांडी अशी आपटली की ओसरीवरून भिवाजी उठून आत आले.

"काय पडलं?" ते म्हणाले.

"माह्यं नाक पडलं," मी म्हणाले.

भिवाजी म्हणजे माझे यजमान. एसटीत कंडक्टर होते. जन्मभर लोकांची भांडणं ऐकून ऐकून त्यांना एक सवय लागली आहे, भांडण कोणाचंही असो, ते दोन्ही बाजूंना मान डोलावतात. मला त्या दिवशी एकाच बाजूला मान हवी होती.

पुढे रविवारी रूपा पेढे घेऊन मेडशीला आली. चहा पिता पिता म्हणाली, "पह्यलं बाळंतपण माहेरचं असते ना ईनबाई. पोरगी माहेरी येऊ शकत नाई, तर माहेरच तिच्याकडे जाईन."

आता यावर काय बोलणार? रीत तिच्या बाजूने होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मीच गावात दहा जणींना ठणकावून सांगितलेलं. पण ही बाई लेकराला न्हाऊ घालणार? धम्मदीपा झाली तेव्हा रूपाची सासू होती, सगळं तिने केलं. हे रूपानेच मला सोयरीक जुळली तेव्हा सांगितलं होतं, "मी त् लेकराले पायावर घ्याले बी भेत होती." आणि आता निघाली माहेर घेऊन! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

उत्कर्षने मात्र त्याच्या बापासारखी दोन्हीकडे मान डोलावली. म्हणाला, "दोघी या. दोघींचे अर्ज सोबतच भरतो." माझा अर्ज त्याने भरला, तिचाही त्यानेच भरला. तिला फोनवर एकेक गोष्ट समजावून सांगायचा आणि तिला 'मम्मी' म्हणायचा. मला 'आई' म्हणतो. आई हा शब्द मोठा आहे हे मला ठाऊक आहे. तरी 'मम्मी' म्हणताना त्याचा आवाज जरा जास्तच मऊ होतो, हे मी कानाने ऐकलेलं आहे.

ठीक आहे, म्हटलं. जाऊ दोघी. तिथे गेल्यावर लेकरूच ठरवेल कोणाच्या पायावर झोपायचं ते. मी सुताराकडून सागाचा पाट करून घेतला, बुटका, हलका, बॅगेत मावेल असा. माझ्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. भिवाजी म्हणाले, "तिकडं बाजारात सगळं भेटते म्हणतात." मी म्हटलं, "माह्यं लुगडं भेटते का?" 

व्हिसाच्या फोटोसाठी आम्ही मालेगावला तय्यबच्या स्टुडिओत गेलो. तय्यबला या कामाची सवय आहे, उमऱ्याला मक्केला जाणारे सगळे त्याच्याचकडे फोटो काढतात. रूपा बसली, एकदा लख्ख उजेड झाला, झालं. माझ्या वेळी मात्र तय्यब म्हणतो, "चाची, चष्मा काढा. कान दिसले पाह्यजेन. पदर मागं घ्या. गुस्सा मत करो, चेहरा साधा ठेवा." मी म्हटलं, "माह्या चेहरा साधाच हाय." काढला. उत्कर्षने तो चढवायला घेतला तर तिकडच्या मशीनने नाकारला. दुसरा काढला, तोही नाकारला. म्हणे कपाळावर आठ्यांची सावली येते. तिसऱ्या वेळी रूपा माझ्या मागे उभी राहून माझा पदर नीट करायला लागली आणि म्हणाली, "ईनबाई, लेकराचा इचार करा, आपोआप चेहरा सैल होते." झाला, हे खरं आहे. फोटो पास झाला. आणि त्याचाही मला रागच आला.

मुलाखतीची तारीख उत्कर्षने दोघींची एकत्रच घेतली. त्याआधी एका सकाळी त्याने आम्हा दोघींना एकत्र फोनवर घेतलं. गावातली दोन-चार माणसंही येऊन बसली, कारण व्हिसा म्हणजे काय हे सगळ्यांनाच ऐकायचं होतं. हेमसिंग शेजारून आला. त्याचा पोरगा पुण्याला शिकतो, त्याला आतापासूनच काळजी. त्याने विचारलं, बँकेत किती पैसे दाखवावे लागतात, आणि वावराचा सातबारा चालतो का, आणि व्हिसा भेटला म्हणजे तिकडं कायमचं राहता येते का. उत्कर्षने हसत हसत सगळ्याला उत्तरं दिली. खर्च मुलगा करणार असेल तर मुलाची कागदं लागतात. सातबारा, पेन्शन, नोकरी हे सगळं दाखवायचं, म्हणजे ही बाई परत येणार हे साहेबाला पटतं. आणि हा व्हिसा पाहुण्याचा आहे, कायमचं राहण्याचा नाही.

मग तो आमच्याकडे वळला. "आता दोघी नीट ऐका. साहेब इचारीन, तिथं जाऊन काय करणार? सांगायचं, लेका-लेकीले भेटाले जातो. बाळंतपण कराले चाललो असं तोंडातून काढायचं नाई."

"काहून?" मी म्हटलं. "मंग काय कराले चाललो?"

"आई, पाहुण्याच्या व्हिसावर काम चालत नाई. लेकरू सांभाळणं, सैपाक, बाळंतिणीचं करणं, याले तिकडं काम म्हणतात. बाई ठेवली तर पगार द्या लागते ना, म्हणून. तू तसं म्हटलं तर त्याले वाटीन, ही नोकरीच कराले चालली."

"आजीनं नातवाले पाणी टाकलं तर ते काम?"

"साहेबासमोर काम. घरात आल्यावर तुले काय करायचं ते कर."

रूपाने लगेच "हाव बेटा, समजलं" म्हटलं. मीही म्हटलं. मग रोज संध्याकाळी आमच्या घरी सराव सुरू झाला. भिवाजी खोलीत खिडकीच्या गजांमागे बसायचे, मी अंगणात उभी राहायची. ते आवाज जाड करून विचारायचे, "कुठं चालल्या? किती दिवस? खर्च कोण करीन? वापस येसान का?" मी धडाधडा सांगायची. "तिथं काय करसान?" "लेकाले आन् सुनेले भेटीन." एकदाही चुकले नाही. ते म्हणाले, "पास." इतकी वर्षं तिकिटं फाडली, पण पास देताना त्यांना कधी इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

मुंबईला आम्ही तिघं निघालो, अकोल्यापर्यंत एसटी, पुढे रेल्वे. आणि गाडीत मला एक सुख मिळालं. समोर एक बाई बसली होती, तिने रूपाला विचारलं, कुठं चालल्या? रूपा खुलली. म्हणाली, "लेकीचं बाळंतपण कराले अमेरिकेले. त्याच्या व्हिसासाठी." मग भुसावळला दुसऱ्या बाईलाही तेच सांगितलं, तेच वाक्य, तोच गोडवा. भिवाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं होतं की मी तिला आठवण करून द्यावी. मी खिडकीबाहेर पाहत बसले. पोराने दोघींना सारखंच सांगितलं होतं. तिला कान नाहीत का? उद्या खिडकीवर हेच वाक्य तिच्या तोंडून निघालं, तर त्याला मी काय करणार? मला वाटलं, निघावंच. अगदी मनापासून वाटलं. त्या रात्री मला गाडीत झोपसुद्धा चांगली लागली.

वकिलातीत भिवाजींना आत सोडलं नाही, ते बाहेर रस्त्यावर थांबले. आत मोठी रांग, पण आवाज नाही. माणसं आपापले पासपोर्ट छातीशी धरून उभी.  रूपाने माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

आमचा नंबर लागला. काचेमागे एक तरुण गोरा साहेब, त्याच्या बाजूला मराठी दुभाषी मुलगी. साहेब बोलायचा आणि ती स्वच्छ मराठीत सांगायची. आधी रूपाला विचारलं.

"कशासाठी जाताय?"

मी कान टवकारले. आता म्हणते, आता म्हणते.

रूपा म्हणाली, "लेकीले भेटाले. लय दिवस झाले पाह्यलं नाई तिले."

"किती दिवस राहणार?"

"दोन महिने. सुट्टी तेवढीच मंजूर झाली. मंग मले हापिसात हजर व्हा लागते."

साहेबाने मान हलवली, मशीनवर काहीतरी टकटक केलं आणि तिचा पासपोर्ट आपल्या बाजूला ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं, लेकाला भेटायला, सुनेला भेटायला, दोन महिने, खर्च लेक करणार, गावात शेत आहे, यजमान आहेत, परत येणार. भिवाजी ऐकत असते तर पुन्हा पास म्हणाले असते.

साहेबाने कागदावर नजर टाकली आणि काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणाली, "तुमच्या सुनेला बाळ होणार आहे ना? सुनेची आई तर सोबत असणारच आहे. मग तुम्ही पण याच वेळी का जाताय? त्या परत आल्यावर, नंतर गेलात तर चालणार नाही का?"

नंतर.

माझ्या बाजूला रूपा उभी होती. ती माझ्याकडे पाहून हसली. ते हसणं मला धीर द्यायला होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला वाटलं, ही जिंकल्यासारखी हसते. आणि माझ्या तोंडाला जे बांध होते ते सगळे फुटले.

"नंतर कायले?" मी म्हणाले. "ह्या बाईले लेकराले पाणी टाकता येत नाई! हिनं सोताच्या पोरीले नाई न्हाऊ घातलं. तिथं सगळं मलेच करा लागते. तेल, पाणी, शेक, सुनेचा सैपाक, कपडे, रातचं जागरण, समदं मीच करीन. दोन महिन्यात काय होते? सहा महिने राहीन मी."

 दुभाषी मराठी मुलगी होती, तिच्याही घरी आजी असेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की बाई, एवढं सगळं सांगू का? पण तिचं काम ते. तिने सांगितलं.

साहेबाने शांतपणे पुढचं विचारलं. "हे सगळं करायला तिथे बाई ठेवली, तर तिला पगार द्यावा लागला असता का?"

"लागला असता म्हणजे? लय घेतात तिकडं! मी गेली की लेकाचे तेवढे वाचतीन."

हे बोलताना मला फार बरं वाटत होतं. रूपाने मागून माझा पदर ओढला, तरी मला कळलं नाही. कळलं ते साहेबाने माझा पासपोर्ट एका कागदासोबत काचेखालून माझ्याकडे सरकवला तेव्हा. दुभाषी खाली पाहत म्हणाली, "या वेळी तुम्हाला व्हिसा देता येणार नाही." रूपाला म्हणाली, "तुमचा मंजूर आहे. पासपोर्ट नंतर मिळेल."

तिथे रीत अशी आहे. ज्याला व्हिसा मिळतो त्याचा पासपोर्ट शिक्का मारायला ठेवून घेतात, ज्याला मिळत नाही त्याचा लगेच हातात देतात. बाहेर उभ्या भिवाजींना हे कुठून माहीत असणार? त्यांनी मला पासपोर्ट हातात घेऊन येताना पाहिलं आणि मागून रूपा रिकाम्या हाताने, डोळे पुसत. ते धावत आले. मला म्हणाले, "वा! भेटला!" आणि लगेच तोंड पाडून रूपाकडे वळले, "ईनबाई, मन खट्टू करू नोका. पुन्हा अर्ज करता येते. लिला तिथं हाय, तुमच्या लेकीले काई कमी पडू देनार नाई."

रूपा आणखीनच रडायला लागली. मला तिथेच रस्त्यावर खड्डा खणून त्यात बसावंसं वाटलं.

गावातही तेच झालं. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये, मग लोकांना वाटलं मलाच मिळाला. हेमसिंग नारळ घेऊन आला. मी तो नारळ त्याच्याच हातात परत दिला आणि दार लावून घेतलं.

उत्कर्ष फोनवर रागावला नाही, ते जास्त वाईट. म्हणाला, "आई, काहून बोलली तू असं?" मी म्हटलं, साहेबानंच तसं इचारलं. "मम्मीले बी तर इचारलं ना," तो म्हणाला. बस. त्या 'मम्मी'वर मी फोन भिवाजींकडे दिला.

निघण्याच्या आधी रूपा मेडशीला आली. मोठी बॅग रिकामीच घेऊन आली होती. म्हणाली, "ईनबाई, तुमी जे काई शिवलं, केलं, समदं ह्याच्यात टाका. माह्ये कपडे मी हातातल्या पिशवीत नेते." तिच्या आवाजात खोट नव्हती, म्हणून मला बोलायला जागाच राहिली नाही. मी दुपटी दिली. एकेक घडी करून दिली, आणि देताना प्रत्येक घडी माझ्या हातातून जरा उशिरानेच सुटली. लाडू दिले, ओवा दिला, बाळंतशोप दिली. तिने कोपऱ्यातला पाट पाहिला.

"हा बी द्या ना."

"वजन होईन," मी म्हणाले.

"होऊ द्या."

"नाई," मी म्हणाले. "हा पाट माह्या हाय."

भिवाजी ओसरीवरून ऐकत होते. या वेळी त्यांनी कुठल्याच बाजूला मान डोलावली नाही, नुसते उठून बाहेर गेले. गेले तर गेले. तिला माझा नातू मिळणार होता, माझी दुपटी मिळणार होती, पाट तरी माझा माझ्याकडे राहू दे.

नातू झाला. गोरागोमटा, नाक उत्कर्षचं. फोनमध्ये पाहिला, तो रूपाच्या मांडीवर, माझ्या हिरव्या लुगड्याच्या दुपट्यात. गावातल्या बाया म्हणाल्या, किती गोड. मी दुपटं पाहत होते आणि ती मांडी पाहत होते. नाळ पडेपर्यंत अंघोळ नको असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं, नुसतं ओल्या फडक्याने पुसायचे. मी मनात म्हणायची, पुसा, पुसा. पाणी टाकायची वेळ येईल तेव्हा पाहू.

ती वेळ आली. आमच्याकडे सकाळ होती, तिकडे संध्याकाळ. भिवाजी मोटारसायकल घेऊन वावरात गेले होते, तूर पाहायला. उत्कर्षचा फोन आला. मी चष्मा लावून पाहिलं. न्हाणीघरात रूपा एका उलट्या डब्यावर अवघडून बसलेली, साडी गुडघ्यांपर्यंत वर, पाय कुठे सोडावे ते तिला कळत नव्हतं. धम्मदीपा दारात उभी, हातात उघडं लेकरू. ते रडत होतं.

"ईनबाई," रूपा म्हणाली, "मले लय भेव वाटते. हातातून निसटीन. पाय कसे ठेवू सांगा ना."

मी चष्मा पुसायला घेतला.

खरं सांगते, मला गोड वाटलं. ज्या दिवसाची मी वाट पाहिली तो हाच. रडू दे, म्हटलं. सगळ्यांनी पाहू दे, कोणाला येतं आणि कोणाला येत नाही. त्या साहेबालाही बोलवा पाहायला. पोराने दोनदा "आई, आई" म्हटलं, मी आवाज येत नसल्यासारखं केलं.

मग लेकरू रडता रडता मधेच अडखळायला लागलं. हुंदका, थांबणं, पुन्हा हुंदका. हे रडणं मी ओळखते. थंडी लागल्याचं रडणं.

"अवं, आंगाले वारं लागून राह्यलं त्याच्या!" मी ओरडले. "आधी दुपटं टाक त्याच्यावर! थांबा, कोणी हलू नोका!"

मी फोन ओसरीच्या भिंतीला टेकवला, कोपऱ्यातला पाट ओढला, बादली आणि तांब्या घेतला. हाताला पहिलं जे लागलं ते उचललं आणि पाटावर बसून पाय लांब सोडले. "हे पाय अशे. घोटे जवळ जवळ, म्हणजे मधे हंड्याच्या घडवंचीसारखं होते. आता त्याले पालथं घाल. गाल ह्या पायावर, तोंड बाजूले. डावा हात मानेखाली. दाबू नोको, नुसता ठेव. आता तेल. पाठीवरून खाली. खाली, वर नाई. हाव. आता पाणी. मनगटावर घेऊन पाह्य. गरम नाई ना? तांब्या उंच नोको धरू. आधी पायावर टाक, मंग कंबर, मंग पाठ. सारखी धार. थांबू नोको, थांबलं की दचकते ते."

रूपा माझ्या हातांकडे पाहत होती आणि तसंच करत होती. तिचे हात माझ्या हातांमागून येत होते. मी सुलटं केलं, तिने सुलटं केलं. मी डोक्यावर हाताचा आडोसा धरला, तिने धरला. लेकरू एकदा मोठ्याने बोंबललं, मग कमी, मग आणखी कमी. मग नुसतं तोंड उघडं राहिलं आणि डोळे मिटले.

"झोपला, आई," धम्मदीपा हळूच म्हणाली.

"झोपनारच," मी म्हणाले.

पण ती तिच्या आईला म्हणाली होती. रूपाने त्याला उचललं, छातीशी धरलं, तिघंही त्याच्यावर वाकली, आणि बोलत बोलत न्हाणीघरातून निघून गेली. फोन तिथेच राहिला. त्यात मला पांढरी भिंत दिसत होती आणि तो उलटा डबा. मी तशीच बसून राहिले. कोणीतरी येऊन म्हणेल, आई, पाहिलंस का, म्हणून. कोणी आलं नाही. मग फोन आपोआप बंद झाला.

तेवढ्यात फाटक वाजलं, भिवाजी आत आले. ओसरीभर पाणी पाहून ते उंबऱ्यातच थांबले.

"ही माह्यी उशी हाय ना?" ते म्हणाले. "ओली कायले केली?"

मी खाली पाहिलं. माझ्या पायांवर त्यांची उशी होती, ठिबकत. डावा हात अजून तिच्या मानेखाली होता. भिवाजी ती उचलायला वाकले.

"थांबा," मी म्हणाले. "आंग पुसू द्या आधी."